वर्ल्ड वॉच लिस्ट: मंडळीत (चर्चमध्ये) वापरायची तर सुदानचं पान असं वाचा

ख्रिस्ती लोकांचा छळ सर्वात जास्त होतो अशा ५० देशांची क्रमवारी ओपन डोअर्स ही संस्था दर जानेवारीत प्रसिद्ध करते. इंटरनेटवर ती मोफत वाचता येते. नवापूर, नंदुरबार, धुळ्याकडच्या मंडळ्यांनी प्रार्थनेसाठी ती जरूर घ्यावी. मात्र सुदानसारख्या युद्ध पेटलेल्या देशाचा नुसता क्रमांक वाचून दाखवू नये, त्याने चित्र चुकीचं उभं राहतं.

कारण गुण देण्याच्या पद्धतीत आहे. जितके गुण जास्त, तितका छळ जास्त. १०० गुण सहा भागांत वाटलेले असतात: खासगी जीवन, कुटुंब, समाज, शासन, मंडळीचं जीवन आणि हिंसा. प्रत्येक भागाला जास्तीत जास्त १६.७. म्हणजे मुडदे कितीही पडोत, हिंसेचा रकाना १६.७ च्या पुढे जात नाही. २०२५ च्या यादीत विश्वासापायी मारले गेलेले ४,४७६ जण नोंदले आहेत. त्यातले ३,१०० एकट्या नायजेरियातले, तरी तो देश ८८ गुणांनी सातवा. उलट उदाहरण अफगाणिस्तानचं. तालिबान आल्यावर २०२२ मध्ये तो पहिला होता, २०२३ मध्ये नववा झाला. तिथं काही सुधारलं नव्हतं. विश्वासणारे देश सोडून गेले किंवा पार लपून बसले, त्यामुळे हिंसेच्या नोंदीच घटल्या.

सुदान २०२४ ला आठवा होता, २०२५ ला ९० गुणांसह पाचवा. १५ एप्रिल २०२३ पासून तिथं लष्करप्रमुख बुरहान यांचं लष्कर आणि हेमेदती यांची आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांशी लढत आहेत. या लढाईत चर्च जळतं तेव्हा ते श्रद्धेमुळे, लुटीसाठी की लढाईचं ठाणं म्हणून, हे सांगणं फार अवघड असतं. जानेवारी २०२४ मध्ये वाद मदनी शहरातलं इव्हँजेलिकल चर्च पेटवलं गेलं. आदल्याच महिन्यात ते शहर आरएसएफने घेतलं होतं. अशा घटनेची हिंसेत नोंद होते, पण त्यामागचं कारण गुणांतून कळत नाही. म्हणून आधी कुटुंब आणि समाज हे दोन भाग वाचा. इस्लाम सोडलेल्या माणसाला घरचे हाकलतात आणि निर्वासितांच्या छावणीत त्याला आधार देणारं कुणी नसतं. धर्मत्यागासाठी असलेली फाशीची शिक्षा जुलै २०२० मध्ये कायद्यातून गेली, पण ऑक्टोबर २०२१ च्या लष्करी बंडानंतर तो मोकळेपणा टिकला नाही. आमच्या मते यादीची खरी किंमत या मजकुरात आहे, क्रमांकात नाही.

मंडळीत हमखास निघणारा प्रश्न: भारत कुठे आहे? २०२५ ला ११ वा, ८४ गुण. सुदानपेक्षा फक्त सहा कमी. यावरून दोन्हीकडची अवस्था जवळपास सारखी आहे असं कुणी मनात धरू नये. सहा भागांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

यादीत ताजी बातमी मिळत नाही. हिशोब १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबरचा असतो. सुदानमधलं अल फशर शहर आरएसएफच्या हाती पडलं ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस, त्यामुळे ते जानेवारी २०२६ च्या यादीच्या हिशोबात बसत नाही. ताज्या घडामोडी वेगळ्या शोधाव्या लागतात.

आता वापराबद्दल. दर रविवारी एक देश घेतला तर ५० देश वर्षात संपतात खरे, पण लोकांच्या लक्षात एकही राहत नाही. एकच देश तीन महिने घ्या, उपासनेत दहा मिनिटं. यादी जानेवारीत येते, तेव्हा आपल्याकडचे बरेच लोक ऊसतोडीला बाहेर असतात. होळीनंतर सुरुवात केलेली बरी. रंगीत नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढू नका. सगळ्या छटा सारख्याच राखाडी येतात, देश वेगळे ओळखूच येत नाहीत. त्यापेक्षा कोऱ्या नकाशावर गुण पेनाने लिहा. मूळ इंग्रजी मजकूर जड आहे, म्हणून पाळकांनी आदल्या दिवशी अर्ध्या पानाचा सारांश मराठीत काढावा. मावची किंवा अहिराणीत तोंडी सांगितला तर म्हातारी माणसंही लक्ष देऊन ऐकतात.

एक काळजी मात्र घ्याच. धर्मांतरिताचं नाव, फोटो किंवा छावणीचं ठिकाण व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवू नका, मजकूर कितीही कळवळ्याचा असला तरी. तो फिरत फिरत त्याच्याच नातेवाइकांपर्यंत पोचू शकतो. प्रार्थनेला 'खार्तुमचा एक तरुण' एवढं पुरतं.