दहावीनंतर सोलापुरात : आयटीआय, डिप्लोमा की अकरावी-बारावी?

कारखान्यातली पाळी कमी झाली किंवा दुकानातली उधारी थकली की घरात मुलांच्या शिक्षणाची चर्चा वेगळ्या सुरात होऊ लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्याची झळ इथल्या टॉवेल उद्योगालाही बसली. त्यापूर्वी लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांसारख्या गिरण्या बंद पडलेल्या या शहराने पाहिल्या आहेत. म्हणून दहावीनंतरचा मार्ग निवडताना दोन प्रश्न आधी विचारावेत, असे मला वाटते : वर्गात शिकलेले किती दिवसांत कमाईला लागेल, आणि हा धंदा बसला तर तेच कौशल्य दुसऱ्या धंद्यात चालेल का?

या दोन्ही कसोट्यांवर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन हा ट्रेड सर्वांत सरस ठरतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. फ्लेमिंगच्या डाव्या हाताचा नियम बहुतेक मुले गुणांपुरता पाठ करतात. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एखाद्या मागाची थ्री-फेज मोटर नुसती गुणगुणते, पण फिरत नाही, तेव्हा तोच धडा कामाला येतो : एक फेज गेला आहे का, हे आधी तपासायचे, मग मल्टीमीटर लावून तिन्ही वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळ्यांचा) रोध सारखा येतो का ते पाहायचे, आणि मगच मोटर रिवाइंडिंगला पाठवायची की नाही हे ठरवायचे. हे काम जमणारा मुलगा यंत्रमागाला बांधलेला राहत नाही, कारण मोटर साखर कारखान्यातही असते आणि विहिरीवरच्या पंपालाही. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यानंतर शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ प्रमाणे उमेदवारी करताना विद्यावेतन मिळते. मात्र उमेदवारी ही नोकरीची हमी नव्हे, आणि आयटीआयचे सगळेच ट्रेड या तोलाचे नाहीत.

डिप्लोमाला तीन वर्षे लागतात. शासकीय तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला तर खर्च आवाक्यात राहतो. खासगी संस्थेत शुल्क आणि शिष्यवृत्ती यांचा मेळ आधी घालून पाहावा लागतो. छोट्या कारखान्यात सुरुवातीचा पगार आयटीआयवाल्यापेक्षा फार वेगळा असेल, अशी अपेक्षा ठेवू नये. फरक पडतो तो पुढे, कारण ड्रॉइंग वाचणे, अंदाजपत्रक करणे आणि देखरेखीची जबाबदारी घेणे हे डिप्लोमावाल्याकडे लवकर येते. परंतु तशा जागांसाठी अनेकांना पुण्याची वाट धरावी लागते, आणि तिथली खोली-मेस पहिल्या पगाराचा मोठा वाटा खाते. डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्याचप्रमाणे दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

अकरावी-बारावीत वाणिज्य शाखेला आपल्याकडे उगाच दुय्यम मानतात. दहावीच्या गणितातील ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात जीएसटीचे बीजक आणि इनपुट टॅक्स क्रेडिट शिकवले जाते. शालेय गणवेश शिवणारा सोलापुरातला साधा कारखानदारही सूत, कापड, बटणे यांच्या खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करून विवरणपत्र भरतो. सकाळचे महाविद्यालय करून दुपारी एखाद्या कर सल्लागाराकडे बसणारी मुलगी बारावी होईपर्यंत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसवू शकते. विज्ञान शाखा मात्र ‘नीट’ (वैद्यकीय) किंवा सीईटी (अभियांत्रिकी) या प्रवेश परीक्षांचा पक्का इरादा असेल तरच घ्यावी. क्लासचे शुल्क भरून नुसती बारावी सायन्स हातात राहणे हा तंगीच्या काळातला सर्वांत महाग पर्याय आहे.

सरकारी मोजमापही बोलके आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असे विद्यावेतन ठरले. दहावीनंतरची तीच दोन वर्षे बारावीऐवजी आयटीआयला दिली, तर रक्कम २,००० रुपयांनी वाढते.

मुलींच्या बाबतीत हिशेब थोडा बदलतो. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक पदवीचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने माफ केले आहे. त्यामुळे हुशार मुलीला केवळ फीच्या धास्तीने पदवीपासून अडवू नये. वसतिगृह आणि एसटीचा पास यांची तजवीज तेवढी वेगळी करावी लागेल. ज्या घरात दोन वर्षांत दुसरा पगार येणे अपरिहार्य आहे, तिथे मी इलेक्ट्रिशियन किंवा फिटर हाच पर्याय पहिल्या पसंतीला लिहीन, आणि त्याखाली शासकीय तंत्रनिकेतन.