फ्रान्सची आठ दिवसांची सहल : चुकलेला मंगळवार पथ्यावर पडला

जळगावातील एका सहल कंपनीबरोबर गेल्या मे महिन्यात आम्ही उभयतांनी फ्रान्सची आठ दिवसांची सहल केली. व्हिसाची कागदपत्रे, विमानतळावरची ने-आण आणि हॉटेलांची स्वच्छता यांबाबत तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती कार्यक्रम आखणाऱ्यांबद्दल. पॅरिसचे लूव्ह्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, हे कोणालाही घरबसल्या कळण्यासारखे असताना आम्हाला नेमके मंगळवारी सकाळी तिथल्या काचेच्या पिरॅमिडसमोर उतरवण्यात आले.

तासभर ताटकळल्यावर सहल व्यवस्थापकांनी आम्हाला नदीपलीकडच्या ओर्से संग्रहालयात नेले आणि सहलीतला सर्वांत चांगला दिवस असा अवचित पदरात पडला. ही इमारत मुळात रेल्वे स्टेशन. १९०० च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते बांधले गेले, पण पुढे गाड्यांची लांबी वाढली, फलाट अपुरे पडू लागले आणि १९३९ पर्यंत लांब पल्ल्याच्या गाड्या तिथून सुटणे बंद झाले. १९८६ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. ज्याची सारी नोकरी भुसावळच्या यार्डात गेली, त्याला फलाटाच्या लांबीचे दुखणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच छपराखाली चित्रकार मोनेने १८७७ मध्ये रंगवलेले साँ-लाझार स्टेशनचे चित्र आहे, आणि त्यातली छताखाली कोंडलेली निळसर वाफ पाहताना मी घड्याळ विसरलो. सौभाग्यवती मात्र चित्रकार मिलेच्या १८५७ च्या चित्रापुढून हलेनात. कापणी झालेल्या शेतात तीन बायका सरवा वेचत आहेत, डावीकडच्या बाईने एक हात मागे पाठीवर टेकवला आहे आणि दूरवर धान्याच्या गंजी रचल्या जात आहेत. "ही तर आपल्याकडचीच बाई," एवढेच त्या म्हणाल्या.

बुधवारी लूव्ह्रसाठी जेमतेम दीड तास मिळाला. मोनालिसाचे ७७ बाय ५३ सेंटिमीटरचे चित्र लोकांच्या उंचावलेल्या मोबाईलांमधून दिसले तेवढे दिसले. आयफेल टॉवर ठीक.

जेवणाची व्यवस्था सर्वांत निराशाजनक होती. रोज रात्री भारतीय हॉटेलात तोच डाळ-भात आणि तेच पनीर. एका संध्याकाळी आम्ही दोघे गटातून निसटून मोंपार्नास भागातल्या ब्रेतों, म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या, पद्धतीच्या छोट्या खानावळीत गेलो. तिथे कुट्टूच्या पिठाचे पातळ मिश्रण तापलेल्या गोल तव्यावर ओतून लाकडी दांडीने एका फेऱ्यात पसरवतात, वर चीज घालतात आणि चारही कडा आत दुमडतात. खापरावर मांडे टाकणाऱ्या आमच्या काकूंनाही त्या हाताचे कौतुक वाटले असते. शाकाहारींनी एक ध्यानात ठेवावे : कांद्याचे प्रसिद्ध सूप बहुधा गोमांसाच्या रश्श्यात करतात, तेव्हा विचारूनच मागवावे. पाण्याची बाटली घेण्याची गरज नाही, नळाचे पाणी मागितल्यास फुकट मिळते.

त्या रात्री न घेतलेल्या जेवणाचे पैसे मात्र कंपनीने परत केले नाहीत.