तुरीचा पेरा कळायला कोणतं मॉडेल घ्यावं?

2015 च्या दिवाळीला तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या आसपास होती. पुढच्या खरिपात जो तो तुरीकडे वळला, पाऊसही झाला. 2017 उजाडलं तेव्हा हमीभाव 5,050 रुपये क्विंटल, बाजारभाव त्याच्या खाली, आणि खरेदी केंद्रांवर बारदाना संपलेला.

पेरा वाढणार, हे आकड्यांवरून अंदाज बांधणाऱ्या सर्वांत स्वस्त मॉडेलनेही सांगितलं असतं. अर्थशास्त्रज्ञ मार्क नेरलोव्हने 1958 मध्ये मांडलेली ही रीत भारतीय अर्थशास्त्रज्ञ राज कृष्णांनी 1963 मध्ये पंजाबच्या पिकांना लावली. मागचा भाव, मागचं क्षेत्र आणि पाऊस घातला की यंदाच्या क्षेत्राचा अंदाज निघतो. जिल्हावार आकडे असले की काम भागतं. प्रश्न ‘किती’ एवढाच असेल तर पुढे पैसे घालवू नका.

धोरणाला मात्र बहुतेक वेळा ‘कोण’ हे हवं असतं. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर, असं शेत डोळ्यासमोर आणा. तूर पौष-माघापर्यंत शेत अडवते. विहीरवाल्याने ती वाढवली तर रब्बीचा हरभरा जातो. कोरडवाहूवाल्याचं रब्बी मुळात नसतंच. भाव एकच, हिशेब दोन. सरासरीत दोघेही हरवतात.

इथे एकेका शेताचं मॉडेल कामाला येतं: जमीन, पाणी, मजूर, भांडवल यांच्या मर्यादेत जास्तीत जास्त उत्पन्न काढायचं. प्रत्यक्षातल्या पेऱ्याशी ते जुळवून घेण्याची पद्धत कृषी-अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड हॉविटने 1995 मध्ये मांडली. शेती धोरणाचा परिणाम तपासणारं युरोपीय संघाचं आयएफएम-कॅप हे मॉडेल याच वळणाचं. हमीभावाची खरेदी किंवा अनुदान ठरवायचं असेल तर माझं मत यालाच. अडचण माहितीची: 2021 पासूनच्या ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या सरकारी पीक नोंदणीत, कुठल्या गटात काय पेरलं ते मिळतं, खर्च आणि कर्ज मिळत नाही.

तिसरा पर्याय एजंट-आधारित मॉडेलचा, म्हणजे संगणकात प्रत्येक शेतकरी (एजंट) आपापल्या नियमाने वागतो. जर्मनीतल्या अ‍ॅग्रिपोलिस या अशा मॉडेलमध्ये हे शेतकरी शेजारची जमीन भाड्याने घ्यायला एकमेकांवर बोली लावतात. आपल्याकडे बटई आणि बोअरवेल हे त्याचे खरे विषय. शेजाऱ्याने खोल बोअर मारली की आपली आटते, हे पहिली दोन मॉडेलं पाहतच नाहीत. पण एजंट कसा वागणार हे आपणच लिहितो, आणि वेगवेगळे नियमही मागच्या आकड्यांशी सारखेच जुळू शकतात. दिसायला हे सर्वांत देखणं. बैठकीत नकाशे हलताना पाहून भुलू नका.

घ्यायचंच ठरलं तर मृगाच्या आधी दोन गावांत पारावर बसा आणि विचारा, बियाणं कुणाच्या उधारीवर आणलं? त्याचा रकाना ई-पीक पाहणीत नाही.