लोणारची खासगी सहल: जानेवारी आणि ऑगस्ट, दोन फेऱ्यांनंतरचा अनुभव

जानेवारीत लोणारहून परतल्यावर त्याच रात्री हे लिहायला बसले होते. मग थांबले. सहलीहून आलं की दोन-चार दिवस सगळंच छान वाटतं आणि त्या भरात लिहिलेलं दुसऱ्याच्या उपयोगाचं नसतं. ऑगस्टमध्ये त्याच गाईडना घेऊन पुन्हा जाऊन आलो. आता पहिल्या फेरीला आठ महिने झाले आहेत. पैसे कशाचे द्यावेत आणि कशाचे देऊ नयेत, याबद्दल माझं मत आता पक्कं आहे.

बारा वर्षांपूर्वी मी लोणारला एका मोठ्या बसने गेले होते. काठावर पाऊण तास, फोटो, देवदर्शन, चहा आणि पुन्हा बस. तेवढ्यावर मी इतकी वर्षं ‘लोणार पाहिलंय’ असं सांगत होते. काठावरून दिसतं ते एक हिरवं तळं. सुंदरच असतं, पण ते उल्कापाताने झालेलं विवर आहे हे डोळ्यांना कळत नाही, नुसतं ऐकून माहीत असतं.

या वेळी आम्ही चौघं होतो. मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि माझे एकाहत्तर वर्षांचे सासरे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांचे गुडघे दुखतात, म्हणून तर बस नको, स्वतंत्र गाडी करू असं ठरलं. छत्रपती संभाजीनगरहून निघायचं होतं. एका एजन्सीकडे ‘गाईडसह एक दिवस’ असं पॅकेज मिळालं. सहज म्हणून फोनवर विचारलं, गाईड कुठून बसणार? दोन-तीनदा विचारल्यावर कळलं की ड्रायव्हरच गाईड. ‘तो नेहमी जातो, सगळं दाखवतो.’ शिवाय त्याच दिवशी शेगावही करून देतो म्हणाले. मला हे अजिबात पटलं नाही. मी त्यांच्याकडून फक्त गाडी घेतली, शेगाव काढून टाकलं आणि ओळखीतून लोणार गावातलेच एक गाईड ठरवले. गाडीचे साडेपाच हजार आणि गाईडचे दोन हजार. हे दोन हजार या सगळ्या खर्चातले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे आहेत, असं मी आठ महिन्यांनंतरही म्हणते.

पहाटे साडेपाचला निघालो. समृद्धी महामार्गावरून सिंदखेडराजाला उतरलो. राजमाता जिजाऊंचं जन्मस्थान आठ-दहा मिनिटांत उरकणं बरं वाटत नव्हतं, म्हणून ते परतीसाठी ठेवलं. लोणारला गाईडकाका रस्त्यावरच उभे होते. माझी अपेक्षा होती की ते थेट व्ह्यू पॉइंटवर नेतील. त्यांनी गाडी अलीकडेच, एका शेताच्या कडेला थांबवायला लावली. ‘ताई, घाई कायले करता? तळं कुठं पळून जात नाही. आधी पायाखाली पाहा.’

तिथून तळं दिसतच नव्हतं. सपाट रानात जरासा चढ, एवढंच. त्यांनी सांगितलं की हा चढ म्हणजेच विवराचा ओठ, भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच. आणि आपण ज्या मातीवर उभे आहोत ती विवरातून उसळून बाहेर पडलेली आहे, लोक त्याच्यावर शेती करतात. मग काठावर नेऊन कातळाच्या थरावर मुलीचा हात ठेवला. आपल्याकडे बेसाल्टचे थर कसे एकावर एक आडवे असतात, घाटात दिसतात तसे. इथे ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, खालून धक्का देऊन उलगडल्यासारखे. दख्खनचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि बेसाल्टमध्ये झालेली आघात-विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत. लोणार त्यांतलं सर्वांत चांगलं जपलं गेलेलं. चंद्रावरचे आणि मंगळावरचे खड्डे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ इथे येतात ते याच कारणाने.

हे सगळं ऐकून झाल्यावर आम्ही चार पावलं पुढे गेलो आणि समोर ते उघडलं. जवळपास १.८ किलोमीटर रुंद, काठापासून पाण्यापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल. मी हे आधी पाहिलेलं होतं, तरी अंगावर काटा आला. दहा मिनिटं आधीची ती माहिती नसती तर पुन्हा हिरवं तळंच दिसलं असतं.

अण्णांचं काय करायचं हा प्रश्न होता. खाली उतरणं त्यांना जमणार नव्हतं. बसच्या सहलीत ते काठावर एका बाकावर तीन तास बसले असते. काकांनी आदल्या रात्रीच फोन करून गुडघ्यांची चौकशी केली होती आणि दिवसाचे दोन भाग पाडले होते. आम्ही खाली असताना अण्णा ड्रायव्हरबरोबर गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गेले, निवांत बसले. आम्ही वर आल्यावर काका त्यांच्यासाठी पुन्हा तिथे आले आणि मंदिर पहिल्यापासून दाखवलं. लवणासुराची गोष्ट त्यांनी तिथे सांगितली. जमिनीखालच्या बिळात राहणारा दैत्य, विष्णूने पायाच्या अंगठ्याने बिळावरचं झाकण उडवून त्याला मारलं, त्याच्या रक्ताचं पाणी झालं आणि मांसाचं मीठ. अण्णा म्हणाले, ‘उडालेलं झाकण, खोल बीळ आणि खारं पाणी. ज्यांनी ही गोष्ट रचली ते जागा नीट बघत होते.’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आता खालचं. लोणारला जाणाऱ्या माणसाने खाली उतरलंच पाहिजे, पाय धड असतील तर. आम्ही साडेआठला उतरायला लागलो. वर साग आणि सीताफळ, खाली बाभळीचं रान, मोरांचे आवाज, वाटेत वानरांची टोळी. २००० सालापासून हे अभयारण्य आहे, त्यामुळे वाट सोडून भटकायचं नाही, काही उचलायचं नाही, हे काकांनी सुरुवातीलाच बजावलं. जुन्या मंदिरांपाशी ते थांबत होते, पण प्रत्येकाची नावं आणि शतकं ऐकवत नव्हते. एके ठिकाणी त्यांनी आम्हाला पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं. वरच्या जगाचा एकही आवाज तिथे पोचत नाही. खोलगट वाडग्याच्या तळाशी बसल्याची जाणीव मला तिथे झाली.

पाण्याजवळ वास येतो. सडक्या अंड्यासारखा, बऱ्यापैकी तीव्र. मुलीने नाक धरलं. काकांनी खिशातून हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या काढल्या आणि एका पट्टीवर काठीच्या टोकाने तळ्याच्या पाण्याचे दोन थेंब ठेवले. पिवळ्या कागदावर कुंकवासारखा लाल डाग उमटला. घरी हळद आणि चुना एकत्र केला की लाल होतं, तेच इथे घडतंय, असं ते म्हणाले. पाणी नुसतं खारट नाही, अल्कधर्मीही आहे, सामू (pH) दहाच्या आसपास. ‘सामू’ हा शब्द मुलीने विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेला होता. तो तिला त्या दिवशी दिसला. मग लोहचुंबक काढून त्यांनी काठच्या काळ्या मातीत फिरवला. बारीक कण मिशांसारखे चिकटले. मुलगी म्हणाली, उल्केचे तुकडे! काकांनी लगेच दुरुस्त केलं. बेसाल्टमध्येच लोहाची खनिजं असतात, कुठल्याही नदीच्या वाळूत असे कण मिळतील. माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथे बसला. ‘हो, उल्केचे’ म्हणाले असते तर पोरगी जास्त खूश झाली असती.

मग पुरावा कुठला, हा तिचा पुढचा प्रश्न. त्यावर ते दगडावर बसून वीस मिनिटं बोलले. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे कित्येक वर्षं हे ज्वालामुखीचं मुख समजलं जायचं आणि ते स्वाभाविकही होतं, कारण सगळा मुलूखच लाव्ह्याचा. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. कातळातल्या खनिजाची न वितळता, केवळ धक्क्याच्या दाबाने काच झाली की मॅस्केलिनाइट बनतं, आणि तेवढा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. वयाचंही तसंच. मी शाळेत ५० हजार वर्षं शिकले होते. नंतर आर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढलेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. काकांनी दोन्ही आकडे सांगितले, कुठला कशावरून आला तेही सांगितलं.

२०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं त्याबद्दल नवऱ्याने विचारलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत हॅलोआर्किया, म्हणजे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. पाणी कमी होऊन क्षार वाढले की त्यांचं फावतं आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने पाणी रंगतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली दुसरी जागा.

कमळजा देवीचं दर्शन घेतलं. सासू-सुनेच्या विहिरीची गोष्ट ऐकली, एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं. साडेअकराला वर चढायला लागलो. चढण माझ्या अंदाजापेक्षा अवघड गेली. जानेवारी असूनही खाली हवा कोंडते आणि ऊन्ह लागतं. माणशी दोन लिटर पाणी न्या.

आता तक्रारी. ड्रायव्हरला संध्याकाळी सातला दुसरी ड्यूटी होती, ती एजन्सीने आम्हाला सांगितली नव्हती. दुपारनंतर तो सारखा घड्याळ बघायचा, आणि सिंदखेडराजाला शेवटी पंधरा मिनिटंच मिळाली. अण्णांना लखुजीराव जाधवांचा राजवाडा बघायचा होता, तो बाहेरूनच पाहिला. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण मला ते अजून लागून आहे. दिवसभराचे पैसे घेतल्यावर गाडी दिवसभर आपली असायला हवी. गाईडकाकांबद्दलची तक्रार लहान आहे. आडव्या मारुतीची शिळा उल्केची आहे असं लोक सांगतात, तिथे होकायंत्राची सुई हलते. काकांनी ते ‘लोक म्हणतात’ एवढ्यावर सोडून दिलं. खाली चुंबकाबद्दल जे स्पष्टपणे सांगितलं, ते इथेही सांगायला हवं होतं. देवळात बोलायला त्यांना संकोच वाटला असावा.

ऑगस्टमध्ये गाडी दुसरीकडून घेतली आणि मुक्कामच केला. या वेळी माझी बहीण आणि भाचा होते. पावसाळ्यातलं लोणार वेगळंच. चहूकडून हिरवं, कड्यांवरून पाण्याच्या रेघा, धारेचं गोमुख, म्हणजे काठाजवळचा झरा, जोरात. पण खाली वाट निसरडी होती, पाणी वर आलेलं होतं आणि जानेवारीत आम्ही जिथे बसलो होतो तो दगड दिसलाच नाही. काकांनी अर्ध्या वाटेवरून आम्हाला परत फिरवलं. भाचा हिरमुसला, बहिणीलाही वाटलं की पैसे पूर्ण घेतले आणि दाखवलं अर्धं. मला त्यांचा निर्णय बरोबर वाटला. एक मुलगा दोनदा घसरला होता, आणि परत फिरवल्यावर त्यांनी आम्हाला काठाकाठाने बरंच अंतर चालवलं, ते ठरलेलं नव्हतं. पहिल्यांदाच जाणार असाल तर मात्र पावसाळा नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पक्षीही तेव्हाच जास्त असतात.

या आठ महिन्यांत एक गोष्ट अशी झाली जी मी पैसे देताना धरली नव्हती. मार्चमध्ये मुलीने शाळेसाठी लोणारवर प्रकल्प केला आणि थेट काकांना फोन लावला. तळ्याखाली किती गाळ आहे, हा प्रश्न. ते म्हणाले, शंभरेक मीटर, म्हणजे मूळ खड्डा आज दिसतो त्याच्यापेक्षा खूप खोल होता. मग तिने विवराचा छेद काढला आणि अण्णांनी तिला पट्टीने प्रमाण धरायला शिकवलं. ते चित्र अजून अण्णांच्या खोलीत आहे. हळदीच्या कागदावरचा डाग आता तपकिरी झालाय.

गाडी ठरवण्याआधी फोनवर एवढं विचारून घ्या. गाईड आणि ड्रायव्हर वेगळे आहेत का. गाईड खाली पाण्यापर्यंत येणार का, की काठावरून बोट दाखवणार. गाडी किती वाजेपर्यंत आपली. आणि बरोबर वयस्कर माणूस असेल तर बाकीचे खाली असताना त्यांच्या वेळेचं काय. आम्ही डिसेंबरमध्ये पुन्हा जातोय, या वेळी आधी सिंदखेडराजा. राजवाड्यासाठी अख्खी सकाळ ठेवली आहे आणि अण्णांना तसं सांगूनही झालंय.