डार्क कंपाउंडची अर्ध्या किलोची लादी : पाचपैकी साडेतीन

नाताळच्या सुट्टीत नात आठ दिवस आमच्याकडे डोंबिवलीला होती. "आजोबा, घरी चॉकलेट करू या ना," हे तिचं पहिल्या दिवसापासून चालू. ही बहिणीकडे नाशिकला गेलेली, त्यामुळे ओटा आमच्याच ताब्यात. सामानासाठी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. (पाटीवर महात्मा जोतिबा फुले मंडई असली तरी टॅक्सीवाल्याला क्रॉफर्डच सांगावं लागतं.) शेजारच्या गल्लीत बेकरीच्या सामानाचं दुकान आहे. मी चॉकलेटची लादी मागितली, तर दुकानदार म्हणाला, "काका, टेम्परिंग येतं का? नाही ना? मग कंपाउंड न्या." लादी १९० रुपये, १५ खणांचा सिलिकॉनचा साचा १२०.

वेष्टनावर 'डार्क' हा शब्द लांबून वाचता येतो, 'कंपाउंड' वाचायला मला चश्मा लावावा लागला. मागच्या बाजूला पहिलं नाव साखरेचं, दुसरं हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, कोको त्यानंतर. म्हणजे साजूक तुपाच्या जागी वनस्पती तूप, तसा प्रकार. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते नीट जमवायचं (यालाच टेम्परिंग म्हणतात) तर डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, २७-२८ वर उतरवा, परत ३१-३२ वर न्या. मगच चकाकी येते आणि तुकडा कट्कन मोडतो. कंपाउंडला यातलं काही लागत नाही. वितळवा, ओता, गार करा. दुकानदाराने माझं भलंच केलं.

तरी पहिली खेप मी घालवलीच. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर स्टीलचा वाडगा ठेवला. वाडगा लहान, वाफ कडेने वर आली आणि आत उतरली. चमचाभर पाणी गेलं असेल नसेल, पण गुळगुळीत पाक बघता बघता भिजवलेल्या नाचणीच्या पिठासारखा झाला. नात म्हणाली, "आजोबा, हे मेलं." फेकवेना, म्हणून कढत दूध घालून घोटत राहिलो, तर सुंदर सैल झालं. दोघांनी कपभर प्यायलो. थेंबभर पाण्याने आटतं आणि भरपूर घातलं की सुटतं, ही गंमत मला सत्तरीत कळली.

दुसऱ्या खेपेला मोठा वाडगा घेतला, बुडाला पाणी लागू दिलं नाही आणि उकळी येताच गॅस बंद केला. बारीक चिरलेली लादी चार मिनिटांत वितळली. त्यात लोणावळ्याच्या चिक्कीचा चुरा टाकला आणि साचा ओट्यावर पाच-सहा वेळा आपटला (बुडबुडे जातात; नातीला हे काम फार आवडलं). मग फ्रीजमध्ये १५ मिनिटं. फ्रीझरमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर घाम सुटून वड्या चिकट होतात. पहिल्या खेपेत गेलेली १०० ग्रॅम लादी वजा जाता सगळ्याच्या ४४ वड्या झाल्या. साच्यातून इतक्या सहज निघाल्या की एकही कोपरा तुटला नाही. साच्याला पूर्ण गुण.

चवीबद्दल मात्र खरं सांगतो. चिक्कीची वडी झकास लागते, कारण दाणे आणि गूळच पुढे होतात. नुसती वडी तोंडात टाकली की आधी गोड लागते, कोको मागाहून येतो आणि टाळूला मेणाचा पापुद्रा राहतो. त्यावर उपाय म्हणून मी शहाणपणा केला. मुलाने परदेशातून आणलेली, ७० टक्के कोकोवाली खऱ्या चॉकलेटची वडी घरात पडून होती, ती शेवटच्या खेपेत मिसळली. त्या वड्या मऊच राहिल्या आणि दोन दिवसांत त्यांच्यावर राखेसारखा पांढुरका थर आला. कोको बटर आणि ही चरबी एकत्र नांदत नाहीत. वड्या खाऊन काही होत नाही, पण पाहुण्यांसमोर ठेवण्याजोग्या उरल्या नाहीत. मुलाला वडीचं काय झालं ते अजून सांगितलेलं नाही.

गुलकंद भरायचाही प्रयत्न केला. रस खालून पाझरला, तळ बसेना. कोरडंच भरा: भाजलेले काजू, सुकं खोबरं, चिक्की.

दीड तारा कापला तो टाळूवरच्या मेणासाठी आणि त्या बारीक अक्षरांसाठी. मुलांबरोबर एक दुपार घालवायची असेल तर बेलाशक घ्या. कुणाला डब्यात घालून भेट द्यायची असेल तर चिक्की जास्त टाका.

ही परत आली, डब्यातली एक वडी खाल्ली आणि म्हणाली, "चिक्की चांगली आहे." मग विचारलं, "माझा मोठा वाडगा खरवडला कुणी?"