ऑर्किडची फसवाफसवी: खोटं जेवण की खोटी बायको?

ऑर्किडच्या साधारण एक तृतीयांश जाती कीटकाला काहीच न देता परागीभवन करून घेतात, फुकटात. त्यात मेन ट्रिक्स दोन.

पहिली, जेवणाचं आमिष. युरोपातलं डॅक्टिलोरायझा साम्बुसिना हे ऑर्किड घ्या, पिवळी नाहीतर जांभळी फुलं, लांबून एकदम भरल्या ताटासारखी पण आत मधाचा थेंब नाही. वसंतात नुकत्याच बाहेर पडलेल्या बंबलबीच्या (जाडजूड, केसाळ मधमाशीच्या) राण्या फसतात, दोन-चार फुलं चाखली की कळतं इथे काय नाय, मग निघून जातात. फायदा काय तर गिऱ्हाईक कुठलंही चालतं, फक्त पराग भलत्याच जातीच्या फुलावर वाया जायची रिस्क जास्त.

दुसरी मात्र जबरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या हॅमर ऑर्किडची एक पाकळी गांधीलमाशीच्या मादीसारखी दिसते आणि वासही सेम तिचाच, आता या मादीला पंख नसतात, ती गवतावर चढून बसते आणि नर येऊन तिला उचलून नेतो, तर हा गडी पाकळीला मिठी मारून उडायला जातो आणि पाकळी असते बिजागरीवर, त्यामुळे तो फिरून थेट फुलातल्या पराग असलेल्या खांबावर आपटतो अन् परागाचे गोळे पाठीला चिकटतात. बिचारा! पुढच्या फुलावर परत तेच.

इथे पराग बरोब्बर पत्त्यावर पोचतो, कारण प्रत्येक ऑर्किडचा नर बहुतेक वेळा एकाच जातीचा. पण तोच नर संपला तर ऑर्किडचंही कठीण. तरी डोकं बघायचं तर माझं मत दुसरीलाच.