कूलिंग टॉवर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

भोसरीतील आमच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात फेब्रुवारीअखेरीस एफआरपी (फायबरग्लास) बांधणीचा नवा कूलिंग टॉवर बसवला, म्हणजे यंत्रांतून आलेले गरम पाणी हवेत फवारून बाष्पीभवनाने थंड करणारा मनोरा. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पार पडल्यामुळे त्याविषयी आता खात्रीने लिहिता येते. टॉवर उत्तम चालतो आहे, आणि त्याचे निम्मे श्रेय मी खरेदीआधी मांडलेल्या हिशेबाला देतो.

साच्यांसाठीचा चिलर (साच्यांचे पाणी गार करणारे यंत्र) ५० टनांचा आहे. इथे एक टन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी उष्णता काढून घेण्याची क्षमता. परंतु चिलरच्या कॉम्प्रेसरने घेतलेली वीजही उष्णता होऊन कंडेन्सरमध्येच, म्हणजे टॉवरच्या पाण्याला उष्णता देणाऱ्या भागातच, उतरते, म्हणून सव्वापट धरून १,८९,००० झाल्या. मशीनच्या ऑइल कूलरच्या ७१,००० मिळवल्यावर एकूण भार तासाला २,६०,००० किलोकॅलरी, म्हणजे ५ अंशांच्या फरकासाठी तासाला ५२ घनमीटर पाणी. या एकाच भारासाठी एका विक्रेत्याने ७० टनांचा, तर दुसऱ्याने ९० टनांचा टॉवर सुचवला, कारण पहिला टॉवरचा टन ३,७८० किलोकॅलरींचा धरत होता. म्हणून मागणीपत्रात टनांचा उल्लेखच न करता पाण्याचा प्रवाह, आत येताना ३४ अंश, बाहेर पडताना २९ अंश आणि हवेचा वेट बल्ब (ओले फडके गुंडाळलेल्या तापमापीवरचे तापमान) २५ अंश, एवढेच लिहिले.

वेट बल्बचा हा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण टॉवरचे पाणी त्याहून थंड होऊ शकत नाही. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर असतानाही हवा कोरडी असल्याने वेट बल्ब २१ च्या आसपास होता आणि टॉवरचे पाणी साडेसव्वीस अंशांवर आले. जुलैत बाहेर जेमतेम २७ अंश असूनही दमट हवेमुळे तेच पाणी २८ च्या खाली उतरेना. उन्हाळा निभावला की टॉवर पुरेसा आहे, ही आपल्याकडची समजूत म्हणूनच सोडून द्यावी. खरी कसोटी पावसाळ्यात लागते, आणि मुंबईच्या दमट हवेत तर हाच टॉवर अपुरा पडेल.

पाण्याचा खर्च मात्र आधीच गृहीत धरावा. पूर्ण भारावर तासाला सुमारे ४५० लिटर पाणी वाफ होऊन जाते, आणि उरलेल्या पाण्यातले क्षार तिपटीच्या पुढे जाऊ द्यायचे नसतील तर आणखी सव्वादोनशे लिटर सोडून द्यावे लागते. आमचे बोअरचे पाणी जड असल्याने सॉफ्टनर (जडपणा काढणारे यंत्र) लावला, तरीही फवाऱ्याच्या नोझलच्या कडेला पांढरा थर धरतोच. तो दर महिन्याला काढतो. सोबत आलेला फ्लोट व्हॉल्व्ह (पाण्याची पातळी राखणारी तरंगती झडप) हलक्या प्रतीचा निघाला आणि पावसाळ्यापूर्वीच बदलावा लागला.